वीज-रस्ते-पाणी की बहिणींचा हप्ता?

मध्य प्रदेशात २००३ च्या विधानसभेला भाजपला मुद्दा शोधत बसावं लागलं नाही. काँग्रेसचे दिग्विजय सिंह दहा वर्षं मुख्यमंत्री होते आणि वीज, रस्ते, पाणी ही दुखणी घरोघरी होती. इंदूरच्या रामबागेत आमच्याकडे ऐन परीक्षेच्या दिवसांत दिवे जायचे. आई दुपारीच कंदिलाची काच राखेने पुसून ठेवायची. भाजपच्या उमा भारतींनी प्रचारात तेच बोलून दाखवलं. सत्तेवर असलेल्याला उत्तर देता येत नाही, असा मुद्दा विरोधी पक्ष आधी उचलतो. भाजपच्या २३० पैकी १७३ जागा आल्या.

२०२३ मध्ये गणित उलटं होतं. मधले पंधरा महिने सोडले तर सरकार भाजपचंच, म्हणजे नाराजीही त्यांच्याच माथी. मग तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी लाडली बहना योजना पुढे केली: १० जूनला हजाराचा पहिला हप्ता, ऑक्टोबरपासून साडेबाराशे. काँग्रेसने दीड हजारांचा शब्द दिला, पण इकडे पैसे जमा होत होते. आमच्या पोळ्यांच्या मावशी दहा तारखेला मोबाइल पुढे करायच्या, "ताई, मेसेज आलाय का बघा." या वेळी जागा १६३.

मला २००३ चा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. रस्त्याचा जाब सगळी गल्ली मिळून विचारते. हप्ता ज्याच्या त्याच्या खात्यात जातो. पण मावशींसमोर हे बोलायला जीभ रेटत नाही. त्या पैशांतून त्यांनी नातीची फी भरली.