गूगल क्लासरूम: सत्रभर वापरल्यानंतर

गूगल क्लासरूम म्हणजे गृहपाठ देणं, तपासणं आणि गुण नोंदवणं यासाठीचं ऑनलाइन साधन. शिकायला सोपं आहे का? आहे. ज्याला ईमेल जमतो त्याला वर्ग उघडणं, गृहपाठ लावणं, तपासून परत करणं सगळं जमतं. कस लागतो तो पुढे. कुणाचे गुण कुणी पाहायचे, उशीर कशाला म्हणायचं, शेरा चारचौघांत द्यायचा की एकट्याला, हे पूर्वी शिक्षक आपसात ठरवत. इथे ते सेटिंगमध्ये आधीच ठरलेलं असतं, आणि विभागप्रमुखाने लक्ष घातलं नाही तर तेच शाळेचं धोरण होऊन बसतं.

उदाहरणार्थ सह-शिक्षक. एका वर्गात 20 शिक्षक असू शकतात. सह-शिक्षकाला वर्ग डिलीट करता येत नाही, पण प्रत्येक मुलाचे गुण आणि खासगी शेरेही दिसतात. त्यामुळे ‘असू दे मदतीला’ म्हणून कुणालाही जोडू नये. जो त्या वर्गाला शिकवतो तोच हवा. बदली शिक्षकाचं काम संपलं की त्याला काढायचं. वर्गाची मालकी मुख्य शिक्षकाकडे असते. तो शाळा सोडणार असेल तर आधी मालकी दुसऱ्याकडे द्यायची, नव्या मालकाने निमंत्रण स्वीकारल्याची खात्री करायची आणि मगच जुनं खातं बंद करायचं. हा क्रम उलटा झाला की ॲडमिनच्या, म्हणजे शाळेची खाती सांभाळणाऱ्याच्या, पाठी लागावं लागतं.

स्ट्रीमवर, म्हणजे वर्गाच्या सूचनाफलकावर, मुलांना पोस्ट आणि कमेंट दोन्हीची मुभा सुरुवातीपासून असते. ती पहिल्याच दिवशी बंद केलेली बरी. सगळे आले की ज्याने वर्गात शिरता येतं तो वर्गाचा कोडही बंद करा.

तपासणीत मात्र हे साधन खरंच उजवं आहे. टाइप केलेले गुण मसुदा म्हणून राहतात, ‘रिटर्न’ दाबेपर्यंत मुलाला दिसत नाहीत. दोघे मिळून तपासत असाल तर आधी सगळ्यांचे मसुदा गुण भरा, त्यातली पाच-सहा कामं एकमेकांची काढून ताडून पाहा, फरक मिटवा आणि मग सगळी एकदम परत करा. जसजशी तपासाल तसतशी परत करत गेलात तर पहिल्या मुलांचे गुण वर्गभर होतात आणि नंतर मोजपट्टी बदलायची सोय उरत नाही. शेरा लिहिताना चौकट नीट बघा: क्लास कमेंट अख्ख्या वर्गाला दिसते. ‘तुझं काम अजून आलं नाही’ हे वाक्य तिथे पडलं की मुलाची शोभा झालीच.

‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत’ (म्हणजे प्रत्येकाला लिहायला फाइलची स्वतःची प्रत) हा पर्याय गृहपाठ देण्याआधीच निवडावा लागतो. विसरलात तर मुलांना फाइल नुसती वाचता येते, आणि गृहपाठ नव्याने लावण्यावाचून गत्यंतर नसतं.

‘उशिरा’च्या शिक्क्यावर डोळे मिटून गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. वेळेत दिलेलं काम मुलाने मुदतीनंतर एक ओळ सुधारायला मागे घेतलं आणि पुन्हा दिलं, तरी तो शिक्का बसतो. कामाचा इतिहास उघडला की पहिल्यांदा कधी दिलं ते कळतं. तेवढा एक क्लिक करा. एकूण गुणांचंही तसंच. रिकामा रकाना शून्य धरला जात नाही, त्यामुळे दोनच गृहपाठ दिलेला मुलगा नियमित मुलाच्या पुढे दिसू शकतो. न दिलेल्या कामाचं काय करायचं हे विभागाने एकदाच ठरवावं आणि मुलांना आधी सांगावं.

ओरिजिनॅलिटी रिपोर्ट, म्हणजे नक्कल तपासणारा अहवाल, फक्त दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा मजकूर दाखवतो. काम एआयने लिहिलं का, हे त्यातून कळत नाही. आणि नीट अवतरणचिन्हांत दिलेला उताराही जुळलेला दिसू शकतो. नुसता टक्का बघून मुलाला चोर ठरवू नका. मुलाच्या गूगल डॉकची व्हर्जन हिस्टरी (बदलांची नोंद) उघडून लेखन कसं वाढत गेलं ते पाहा आणि मुलाशी बोला.

पालकांना जाणाऱ्या ईमेल-सारांशात गुण नसतात, राहिलेली कामं असतात. वहीत केलेलं काम ‘पूर्ण’ म्हणून नोंदवलं नाही तर तेही तिथे राहिलेलंच दिसतं आणि घरी नाहक बोलणी बसतात. ही नोंद करायची सवय मुलांना लावायला वेळ लागतो.

वर्षअखेरीला वर्ग अर्काइव्ह करा, म्हणजे जपून बाजूला ठेवा; डिलीट नको. वर्गाची प्रत काढली की गृहपाठ मसुदा म्हणून येतात; मुलं आणि त्यांची कामं येत नाहीत. पण नमुना म्हणून तुम्ही जोडलेलं एखाद्या मुलाचं उत्तर नावासकट सोबत येऊ शकतं, तेव्हा सहकाऱ्याला वर्ग देण्याआधी जोडलेल्या फाइल एकेक उघडून बघा.