व्हाइट ओकचं डायनिंग टेबल: दुकानदाराने लाकडाची जात छातीठोक सांगितली नाही, म्हणूनच ५ स्टार

टिंबर मार्केटमधल्या या दुकानातून मागच्या दिवाळीआधी आम्ही व्हाइट ओकचं सहा जणांचं डायनिंग टेबल करून घेतलं, आता अख्खा पावसाळा काढलाय त्याने म्हणून लिहितेय. काम खरंच एक नंबर आहे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं आणि एप्रिलमध्ये आकसतं, पण वरच्या फळ्यांचे सांधे कुठे उघडले नाहीत, टेबल डुगडुगत नाही, पॉलिशही मॅट आहे, ग्रेन नीट दिसतो. किंमत कमी नाही, सागवानाच्या तयारीनेच जा.

पण मला मुख्य सांगायचंय ते लाकूड कुठलं आणि कसलं याबद्दल. इथे येण्याआधी आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो, तिथला सेल्समन म्हणाला मॅडम हे शंभर टक्के क्वेर्कस रोबर (युरोपातल्या व्हाइट ओकची एक जात), डीएनए टेस्टेड. मी कॉलेजला वनस्पतीशास्त्र शिकवते, विचारलं कुठला डीएनए, न्यूक्लिअसमधला (पेशीच्या केंद्रकातला) का क्लोरोप्लास्टमधला (पेशीतल्या हिरव्या कणांतला, त्यांचा डीएनए वेगळा असतो), तर त्याने ब्रोशर पुढे केलं, त्यात काहीच नव्हतं. याउलट इथल्या काकांनी सरळ सांगितलं, "ताई, माल फ्रान्सचा आहे, त्यात रोबर आणि पेट्रिया दोन्ही येतात, नुसती फळी बघून कुठली कुठली ते मी तरी सांगणार नाही." आणि मालाबरोबर आलेल्या फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची (मालात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) कॉपी दाखवली, त्यावर दोन्ही जातींची नावं होती.

हे उत्तर किती बरोबर आहे ते सांगते, कारण ओक घेताना बरेच जण इथेच फसतात. ओकमध्ये क्लोरोप्लास्ट फक्त आईकडून येतो, म्हणजे झाडाचं माहेरच म्हणा ना. परागकण वाऱ्यावर लांब लांब जातात पण त्यांच्याबरोबर क्लोरोप्लास्ट जात नाही, तो बीबरोबरच फिरतो, आणि ओकचं बी जड, झाडाखालीच पडतं, फारतर जे नावाचा पक्षी ते उचलून कुठेतरी पुरून ठेवतो आणि विसरतो. आता रोबरच्या झाडावर पेट्रियाचे परागकण पडले, संकर झाला, त्या पोरावर परत पेट्रियाचे पडले, असं काही पिढ्या चाललं की झाड दिसायला पूर्ण पेट्रिया पण आतला क्लोरोप्लास्ट मात्र रोबरचा! त्यामुळे एका जंगलातल्या दोन वेगळ्या जातींच्या ओकचा क्लोरोप्लास्ट सारखा निघतो आणि त्याच जातीचं झाड हजार किलोमीटरवर घेतलं तर वेगळा निघतो. थोडक्यात सख्खे शेजारी सारखे, भाऊबंद वेगळे. अमेरिकेतल्या व्हाइट ओकच्या जातींमध्ये हे व्हिटमोर आणि शाल यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं.

युरोपात तर रेमी पेती आणि त्यांच्या बरोबरच्या संशोधकांनी २६०० हून जास्त ठिकाणच्या ओकचे नमुने बघून पूर्ण खंडाचा नकाशाच केला, २००२ मध्ये छापून आला. मला तो नकाशा वर्गात दाखवायला प्रचंड आवडतो. साधारण २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना ओक फक्त दक्षिणेला तग धरून होते, स्पेनकडे, इटलीत, बाल्कनमध्ये, मग थंडी ओसरली तशी तिथून बिया उत्तरेला सरकत गेल्या आणि प्रत्येक वाट आजही क्लोरोप्लास्टमध्ये दिसते, म्हणजे ब्रिटनमधले बहुतेक मूळचे ओक स्पेनकडच्या घराण्याचे आहेत. बर्फ गेलं, हजारो वर्षं गेली तरी वाट पुसली नाही, मला हे दर वर्षी शिकवताना नव्याने भारी वाटतं. (आपल्या सह्याद्रीत खरे ओक नाहीतच, त्यामुळे मुलांना उत्तराखंडातल्या बांजचा फोटो दाखवावा लागतो. पुण्यात रस्त्याकडेला दिसतो तो सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, त्याचा या कुळाशी संबंध नाही, त्याचं लाकूड कोणी ओक म्हणून द्यायला लागलं तर घेऊ नका.)

तर मुद्दा असा की क्लोरोप्लास्ट टेस्टने रोबर का पेट्रिया हे ठरत नाही, मुलुखाचा अंदाज येतो. सुक्या लाकडातूनही हा डीएनए काढता येतो, फ्रान्समध्ये वाइनच्या पिंपांचं लाकूड खरंच सांगितलेल्या भागातलं आहे का हे बघायला असं काम झालंय, पेशीत क्लोरोप्लास्टच्या भरपूर कॉपी असतात म्हणून ते जमतं. पण तेही जास्त करून "हे लाकूड तिथलं नाही" एवढं सांगायला उपयोगी, कारण क्लोरोप्लास्टचा एकच प्रकार लांबलचक पट्ट्यात सापडतो आणि माणसांनी बाहेरून बी आणून लावलेली जंगलं आहेतच. म्हणून त्या शोरूमवाल्याचं वाक्य ऐकून माझा राग अजून गेलेला नाही, लोक त्या एका वाक्यासाठी जास्त पैसे मोजतात हो.

वंशाचा काहीच संबंध नाही असं मात्र नाही. रेड ओक आणि व्हाइट ओक हे गट इतके लांबचे की त्यांच्यात संकर होत नाही, त्यामुळे तिथे क्लोरोप्लास्टही वेगळा तो वेगळाच राहतो. आणि हा फरक ओळखायला लॅब लागत नाही! काकांनी दोन्हीचे लांबट तुकडे घेतले, एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारायला सांगितली, रेड ओकमधून बुडबुडे आले, व्हाइटमधून काही नाही, त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. माझ्या सासूबाईंनीसुद्धा फुंकून पाहिलं. गिऱ्हाइकाला असं हातात देऊन दाखवणारं दुकान मी दुसरं पाहिलं नाही.

तक्रार एकच, डिलिव्हरी सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा झाली आणि मधे फोन उचलत नव्हते, हे सुधारा प्लीज. बाकी वापरणाऱ्यांना एक सांगते, ओकमध्ये टॅनिन असतं, ओला लोखंडी तवा किंवा कढई टेबलावर राहिली तर काळानिळा डाग पडतो, लाकडी पाट नाहीतर जाड मॅट ठेवा खाली. आणि ऑर्डर देताना बिलावर "युरोपियन व्हाइट ओक" आणि देश लिहून मागा, इथे ते न कुरकुरता लिहून देतात.