पहिला रॉक अँड रोल अल्बम कोणाचा घ्यावा: एल्व्हिस, लिटल रिचर्ड की बडी हॉली?

सुरुवातीच्या रॉक अँड रोलमधला एकच अल्बम घ्यायचा आणि तोही गायकाचा पहिलाच, असं ठरवलंत तर शेवटी तीन नावं उरतात. ‘एल्व्हिस प्रेस्ली’ (आरसीए व्हिक्टर, मार्च १९५६), ‘हिअर्स लिटल रिचर्ड’ (स्पेशालिटी, मार्च १९५७) आणि बडी हॉलीच्या बँडचा ‘द चर्पिंग क्रिकेट्स’ (ब्रन्सविक, नोव्हेंबर १९५७). तिन्हींत बारा-बारा गाणी आहेत आणि तिन्ही अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्यामुळे लांबीवरून किंवा गाण्यांच्या संख्येवरून काहीच ठरत नाही.

माझं मत लिटल रिचर्डच्या बाजूने आहे. पण एल्व्हिसच्या अल्बमवर एक असं गाणं आहे की त्याच्यासाठी हे मत बाजूला ठेवावं, असं मला दर वेळी वाटतं. त्याबद्दल पुढे येईलच.

निवड करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे ‘टुटी फ्रुटी’ दोन्हीकडे लागोपाठ ऐकणं. हे गाणं लिटल रिचर्डच्या अल्बमचं पहिलं गाणं आहे आणि एल्व्हिसच्या अल्बमवरही आहे. रिचर्डने ते १४ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या जे अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल त्या दिवशी मुळीच समाधानी नव्हता. रिचर्ड सरळ, सभ्य ब्लूज गात होता आणि त्यात काही दम नव्हता. मग जेवणाच्या सुट्टीत रिचर्ड जवळच्या क्लबमधल्या पियानोवर बसला आणि एरवी फक्त रात्रीच्या कार्यक्रमांत गायचा ते एक अचकट-विचकट गाणं त्याने ठोकून वाजवलं. ब्लॅकवेलला हवं होतं ते हेच. डोरोथी लाबोस्ट्री या गीतकार तरुणीला बसवून शब्द घाईघाईने सभ्य करून घेतले गेले आणि उरलेल्या थोड्या वेळात गाणं उरकलं. ती घाई आजही ऐकू येते. रिचर्ड किंचाळतो, त्या किंकाळीतूनच ली ॲलनचा टेनर सॅक्सोफोन वर येतो आणि खाली अर्ल पामरचे ड्रम्स सगळं पुढे रेटत राहतात. सुरुवातीचे ते ‘अ-वॉप-बॉप-अ-लू-बॉप’ असे निरर्थक बोलही मुळात ड्रमचेच आहेत, तोंडाने वाजवलेले. आपल्याकडे सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ केलं तेही १९५७ मध्येच, हा अल्बम निघाला त्याच वर्षी. त्यामुळे अशा बोलांची गंमत मराठी कानाला समजावून सांगावी लागत नाही.

एल्व्हिसने हेच गाणं ३१ जानेवारी १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये गायलं. सॅक्सोफोन नाही, त्या जागी स्कॉटी मूरची गिटार आहे. गाणं झटपट होतं, मजेत होतं. पण रिचर्डनंतर लगेच ऐकलं की कळतं, एल्व्हिस आवडलेलं गाणं गातोय; रिचर्डला ते गायल्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या मते इथे तुलना संपते.

यामागचा व्यवहारही जाणून घेण्यासारखा आहे. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकाचं गाणं चाललं की एखाद्या गोऱ्या गायकाकडून ते पुन्हा गाऊन घ्यायची पद्धत होती. गोऱ्या पॅट बूनचं ‘टुटी फ्रुटी’ बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या पॉप यादीत रिचर्डच्या वर गेलं. म्हणून पुढचं ‘लाँग टॉल सॅली’ मुद्दाम इतकं जलद ठेवलं की बूनची जीभ अडखळावी. बूनने तेही गायलं, पण या वेळी यादीत रिचर्ड वर राहिला. अल्बममध्ये हे गाणं ऐकताना तो वेग केवळ उत्साहाचा नाही हे लक्षात ठेवा. एका माणसाने आपलं गाणं आपल्याच हातात राहावं म्हणून तो धरला आहे. ‘रेडी टेडी’, ‘रिप इट अप’, ‘जेनी, जेनी’ त्याच जोरात येतात. ‘ओ व्हाय?’सारखी एक-दोन संथ गाणी मात्र फिकी आहेत. ‘लुसिल’ आणि ‘गुड गॉली, मिस मॉली’ हवी असतील तर ती इथे नाहीत. ती पुढच्या अल्बमवर आहेत.

आता एल्व्हिस. त्याचा अल्बम एकसंध नाही. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सने त्याचा करार आरसीएला ३५,००० डॉलरना विकला. त्याबरोबर सनकडे पडून असलेल्या टेपही गेल्या. बारापैकी पाच गाणी त्या टेपांमधली आहेत, उरलेली सात जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिल आणि न्यूयॉर्कला केलेली. ‘ब्लू स्वेड शूज’ कार्ल पर्किन्सचं, ‘आय गॉट अ वुमन’ रे चार्ल्सचं, ‘मनी हनी’ ड्रिफ्टर्सचं. एल्व्हिसने स्वतः लिहिलेलं एकही नाही. तरी हा बिलबोर्डच्या यादीत पहिला आलेला पहिला रॉक अँड रोल अल्बम ठरला आणि दहा आठवडे तिथे राहिला.

पण ते सनचं ‘ब्लू मून’! ऑगस्ट १९५४ चं ध्वनिमुद्रण. मूळ गाणं रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीचं. त्यात शेवटी प्रेम मिळतं. एल्व्हिसने तो शेवटच गाळला. शब्दांच्या जागी तो उंच, पातळ स्वरात नुसता विव्हळतो. मागे घोड्याच्या टापांसारखा मंद ताल चालू राहतो आणि भोवती सॅम फिलिप्सचा तो टेपवरचा प्रतिध्वनी. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे सुचलं कसं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. रिचर्डच्या अख्ख्या अल्बममध्ये असा एकांत कुठेच नाही. तुम्हाला रात्री एकट्याने ऐकायला संगीत लागत असेल, आवाजाच्या बारकाव्यांत रमायची सवय असेल, तर सरळ एल्व्हिस घ्या.

क्रिकेट्सचा अल्बम एका विशिष्ट ग्राहकासाठी: जो स्वतः गिटार शिकतोय किंवा मित्रांना जमवून बँड करू पाहतोय. दोन गिटार, बास, ड्रम्स ही रचना पुढे बीटल्सपर्यंत गेली ती बरीचशी इथून. ते क्वारीमेन म्हणवत असताना १९५८ मध्ये त्यांनी स्वतःची पहिली तबकडी केली, त्यावर या अल्बममधलंच ‘दॅटल बी द डे’ होतं. ‘नॉट फेड अवे’मध्ये जेरी ॲलिसन ड्रम्सऐवजी पुठ्ठ्याचं खोकं वाजवतो आणि तेवढ्यावर गाणं उभं राहतं. ऐकलं की आपणही करून बघावं असं वाटतं, हे त्याचं मोठेपण. अडचण एकच: काही गाण्यांवर नंतर चढवलेले साथीचे कोरस गुळगुळीत आहेत आणि हॉलीच्या धारदार गाण्याला ते बोथट करतात. शिवाय ‘पेगी स्यू’ यात नाही. ते हॉलीच्या स्वतःच्या नावाने १९५८ मध्ये निघालेल्या अल्बमवर आहे.

घेताना आवृत्ती बघा. ही तिन्ही मुळात मोनो आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. एल्व्हिसचा अल्बम आरसीएने १९६२ मध्ये कृत्रिम स्टिरिओ करून पुन्हा काढला. जुन्या तबकड्यांच्या दुकानात तो हाती लागला तर ठेवून द्या, त्यात आवाज पोकळ होतो. युरोपात या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपले असल्याने कुठल्या टेपवरून केलं ते न सांगणाऱ्या स्वस्त तबकड्या बऱ्याच मिळतात, त्याही टाळा. एल्व्हिसची मूळ बारा गाणी घेतलीत तर ‘हार्टब्रेक हॉटेल’ मिळणार नाही, ते तेव्हा मुद्दाम वेगळंच विकलं होतं. नंतरच्या वाढीव सीडीवर ते आहे. लिटल रिचर्डची २०१२ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या: स्पेशालिटी कंपनीने त्याला घ्यावं म्हणून त्याने १९५५ मध्ये पाठवलेली चाचणीची टेप तिच्यात आहे.