थायरॉइडची गोळी सोडवली आणि ४४,८५० रुपये नेले

म्हापशाच्या एका केसांच्या क्लिनिकात गेलेला आकडा आधीच सांगते. नोंदणीचे ५००, रक्त तपासणीचे १,८५०, पहिल्या दोन महिन्यांच्या औषधांचे २४,००० आणि ‘पुढच्या कोर्स’चे १८,५००. एकूण ४४,८५० रुपये. पावती एकाचीही नाही. पावती मिळत नसेल तिथे पाचशे रुपयेसुद्धा ठेवू नका.

मी गोव्यातल्या डिचोलीकडची, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. थायरॉइड कमी असल्याचं नऊ वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. कधी काही त्रास नव्हता. गेल्या एप्रिलपासून केस गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर पुंजके, उशीवर केस, पोळीच्या कणकेतसुद्धा. चतुर्थीला अबोलीची वेणी माळायला घेतली तर पिन धरेना. दोनदा घसरली. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मी ती वेणी गणपतीला वाहिली आणि आत जाऊन रडले. एवढी शिकलेली बाई फसली कशी, असं आता घरचेच विचारतात. त्यांना त्या दिवसाबद्दल काय सांगू?

पुढच्याच शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेले होते. तिथे एका इमारतीवर पाटी होती, ‘थायरॉइडमुळे गेलेले केस परत’. वर गेले. पांढरा कोट घातलेल्या मुलीने डोक्यावर छोटा कॅमेरा फिरवला आणि माझी टाळू समोरच्या पडद्यावर ताटाएवढी दिसली. मग तिने विचारलं, गोळी कितीची घेता? म्हटलं, ७५. ती म्हणाली, “मॅडम, केस त्या गोळीनंच गळतात. भिवंक नाका (घाबरू नका). आधी अर्धी करा, मग सुटेल.”

तिथेच मी उठायला हवं होतं. गोळी नवी सुरू केली की पहिले काही महिने काहींचे केस गळतात, हे खरं आहे, पण ते तात्पुरतं असतं. मी गोळी घेत होते नऊ वर्षं, आणि केस गळत होते पाच महिने! गोळीनेच गळायचे असते तर आठ वर्षांपूर्वीच गळले असते. वर्गात मी रोज वजाबाकी शिकवते आणि ही एक वजाबाकी मला तिथे सुचली नाही. रात्री अजून तेच आठवतं. पण स्वतःची उघडी टाळू समोर दिसत असताना कुणाला हिशेब सुचतो? मी त्याच खुर्चीत बसून २४,००० पाठवले. क्यूआर कोडवर क्लिनिकचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. तेही पाहिलं, आणि तरी पाठवले.

पाच आठवड्यांनी त्यांनीच रक्त घेतलं. “आमची सकाळची कॅप्सूल घेऊनच या” असं मला फोनवर दोनदा बजावलं होतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा, २.१ आला. आधी ६.८ होता. मुलीने रिपोर्टवर लाल पेनाने गोल केला आणि म्हणाली, थायरॉइड मुळापासून गेला, आता गोळी पूर्ण बंद. मी आनंदाने आणखी १८,५०० दिले.

डिसेंबरात पाय सुजले, आवाज घोगरा झाला, शेवटच्या बाकावरच्या मुलांना माझं बोलणं ऐकू जाईना. केस तर आणखीच गेले. जानेवारीत ह्यांनी हात धरून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. टीएसएच ६१! डॉक्टरांनी त्या कॅप्सूलची बाटली हातात घेतली, उलटी केली आणि लेबलावर बोट ठेवलं. बायोटिन, म्हणजे केसांच्या गोळ्यांत असतं ते जीवनसत्त्व, एका कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम, दिवसाला दोन. शरीराला रोज लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. एवढं बायोटिन रक्तात असलं की काही तपासण्यांत टीएसएच खोटाच कमी दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याचा इशारा २०१७ मध्येच दिलेला आहे. केसांच्या गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना हे सांगा आणि त्या किमान दोन दिवस बंद ठेवा.

मग डॉक्टरांनी विचारलं, सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबर आणखी काय घेता? हा प्रश्न म्हापशाला कुणी विचारलाच नव्हता. केस गळायला लागण्याच्या तीन महिने आधी हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाची गोळी सुरू झाली होती आणि मी दोन्ही एकाच घोटात घेत होते. लोहामुळे थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, मध्ये चार तास हवेत. कॅल्शियमचंही तेच. केस गळायचं एवढंच कारण होतं, आणि ते मला फुकट कळलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, बाई, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले, औषधही मिळालं, फसवणूक कुठे झाली? सायबरची तक्रार करायला गेले तर म्हणे हे ऑनलाइन नाही, तुम्ही समोर जाऊन दिलेत. एका सरकारी कार्यालयात बिल मागितलं. बिल दिलंच नाही हीच तर तक्रार आहे, असं म्हटलं, तर साहेब जेवायला उठले. मी दीड तास बाकावर बसून होते. दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं, त्यांचा परवाना सलूनचा आहे, औषधाचं आमच्याकडे येत नाही. टक्कल बरं करण्याचा दावा औषधावर करायला कायद्याने बंदी आहे. मग ती पाटी भर बाजारात कुणाच्या डोळ्यांदेखत लागली? चार हेलपाटे झाले, चार रजा गेल्या, हातात एक पोचसुद्धा नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला शेवटी शाळेतल्या एका पालकांनी सांगितलं. यूपीआयचे स्क्रीनशॉट, लाल गोलाचा रिपोर्ट आणि रिकाम्या बाटल्या जोडून अर्ज केला आहे. बाटल्या टाकू नका, त्यावर बॅच आणि परवाना क्रमांक आहे का ते विकत घेण्याआधीच बघा. माझ्या बाटल्यांवर नव्हता.

आता गोळी पहाटे उपाशीपोटी, चहा तासाभराने, लोह दुपारी. कपाळाच्या कडेला बोटाला खरखरीत लागतील एवढे केस आले आहेत. डॉक्टर म्हणतात, अजून सहा-आठ महिने लागतील. म्हापशाच्या त्या जिन्यावरून कुणी गेलं असेल आणि चुकून जरी बिल मिळालं असेल, तर ते घेऊन या. माझ्या अर्जाला तेच कमी पडतंय.