बटण दाबून वेग वाढवायचा, की झाकलेले कोअर उघडायचे?

माळ्यावर एएम-३ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची जुनी खाच) डेस्कटॉप पडलाय, आत दोन किंवा तीन कोअरचा, म्हणजे दोन-तीन गणन-एककांचा, एएमडी कंपनीचा फेनॉम-टू प्रोसेसर आहे आणि नव्या मशीनसाठी खिशात हात घालायचा नाही. अशा वेळी बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाचं सेटिंगचं पान, उघडला की दोन गोष्टी खुणावतात. एक, बोर्डाचं स्वतःचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं: एमएसआयचं ओसी जीनी, असुसचं टर्बो की वगैरे. दुसरी, कोअर अनलॉक, म्हणजे कंपनीनं बंद केलेले कोअर चालू करणं. दोन्ही फुकट, दोन्ही एका बटणावर. पण जातकुळी अगदी वेगळी.

आधी अनलॉकचं, कारण खरी गंमत तिथे आहे. फेनॉम-टू मालिकेतले एक्स-४, एक्स-३ आणि एक्स-२ हे तिन्ही मूळचे एकाच चिपचे: ४५ नॅनोमीटर, चार कोअर, ६ एमबी एल-३ कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी). एखादा कोअर चाचणीत नापास झाला की एएमडी तो बंद करून चिप तीन कोअरची म्हणून विकायची, दोन बंद केले की दोन कोअरची. पेटीत चार आंबे डागी निघाले की अख्खी पेटी खालच्या भावात जाते, तसंच. पण स्वस्त पेटीला गिऱ्हाईक जास्त असेल, तर धडधाकट पेटीवरही डागीची चिठ्ठी लागते. तुमच्या चिपमधला बंद कोअर खरंच नापास आहे की नुसती चिठ्ठी आहे, हे बाहेरून कळत नाही.

कुलूप उघडलं ते अनवधानानं. एसबी-७५० या साउथब्रिजमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या एका जोडचिपमध्ये, ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन, म्हणजे एसीसी, नावाची सोय होती. पहिल्या पिढीचा फेनॉम ओव्हरक्लॉक करताना स्थिर राहावा म्हणून ती दिलेली. फेब्रुवारी २००९ मध्ये एक्स-३ ७२० बाजारात आला आणि काही बोर्डांवर एसीसी ‘ऑटो’ केलं की चौथा कोअर जिवंत होतो हे लोकांच्या लक्षात आलं. त्याच जूनमध्ये आलेल्या एक्स-२ ५५० वरही तेच. उघडला की त्याचं नावसुद्धा बदलतं, स्क्रीनवर ‘फेनॉम-टू एक्स-४ बी५०’ असं येतं. पुढच्या एसबी-८५० मधून एसीसी गेलं, तर बोर्डवाल्यांनी स्वतःची सोय करून अनलॉकची बटणं दिली.

एक गोष्ट आधीच तपासा. ॲथलॉन-टू एक्स-२ मधली बहुतेक चिप मुळातच दोन कोअरची आहे. तिथे झाकलेलं काही नाही, बटण कितीही दाबा.

आता ऑटो ओव्हरक्लॉकिंग. यात नशिबाचा भाग थोडा, कारण मूळ वेगाच्या वर थोडी जागा बहुतेक चिपमध्ये असतेच. अडचण बोर्डाच्या स्वभावाची. प्रत्येक चिप वेगळी आणि बोर्डाला तुमची चिप ठाऊक नाही, म्हणून तो व्होल्टेज सढळ हातानं देतो. समजा ३.१ गिगाहर्ट्झचे ३.६ झाले आणि त्यासाठी व्होल्टेज १.३२५ वरून १.४७५ वर गेलं. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. हिशेब केला तर वेग १६ टक्के वाढला आणि वीज सुमारे ४४ टक्के. हाताने केलं तर बऱ्याचदा तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळतो, आणि ब्लॅक एडिशन, म्हणजे एएमडीची हौशी लोकांसाठीची आवृत्ती, असेल तर गुणक मोकळा असतो. मूळ २०० मेगाहर्ट्झला ज्यानं गुणून वेग ठरतो तो गुणक. २०० गुणिले १५.५ म्हणजे ३१००. तो १७ केला की ३४००. याला बटण कशाला हवं?

मिळकत बघायची तर प्रश्न एकच: तुम्ही चालवता काय? व्हिडिओ रूपांतर, रेंडरिंग असली कामं चारही कोअरवर पसरतात. तिथे दोनाचे चार झाले की वेळ निम्म्याजवळ येतो, १६ टक्के त्यापुढे किरकोळ. टॅली, ब्राउझर, एखादा जुना गेम असेल तर उलट. नवे कोअर जांभया देत बसतील आणि फायदा वेगाचाच होईल.

धोका मात्र अनलॉकचाच जास्त फसवा. ओव्हरक्लॉकिंग जमलं नाही की मशीन सहसा लगेच अडतं, सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणायची, विषय संपला. अर्धवट आजारी कोअर तसा नाही, तो कामावर येतो आणि मधूनच चुकीचं उत्तर देतो. माझ्या मशीनमध्ये दोन कोअरचे चार झाले, विंडोज छान चालू झालं, दोन दिवस मी खुशीत होतो. मग प्राइम९५ लावून ठेवलं, प्रोसेसरला अवघड गणितं देऊन त्याची चाचणी घेणारा प्रोग्राम. तीन वर्कर (प्रत्येक कोअरवरची एकेक चाचणी) हिरवे, चौथा चाळीस मिनिटांनी थांबला: राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी. म्हणजे कोअर बेरीज-गुणाकारात चुकत होता आणि विंडोजला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दोन दिवसांत कॉपी केलेल्या फाइल मी पुन्हा कॉपी केल्या. बायोसमध्ये फक्त तो एक कोअर बंद केला, बाकी तीन ठेवले.

शिवाय कोअर उघडले की चिपच्या आतला तापमानाचा आकडा बहुधा बिघडतो, शून्य किंवा काहीतरी अचाट दिसतं. बोर्डावरच्या सेन्सरवर भागवावं लागतं. म्हणूनच दोन्ही बटणं एकत्र दाबणं मला वेडेपणा वाटतो: इकडे व्होल्टेज चढतंय आणि तिकडे ताप मोजणारा थर्मामीटरच बंद. बोर्डाची ताकदही बघा. एक्स-२ ५५० चं रेटिंग ८० वॉटचं, चार कोअरच्या ९५५ चं १२५ वॉटचं. बोर्ड ९५ वॉटपर्यंतचाच असेल तर अनलॉक विसरा. आणि जानेवारीत पास झालेली चाचणी मे महिन्यात पुन्हा लावा, नागपूर-अकोल्याकडे तर नक्की.

मी काय करेन? मूळ वेगावर आधी अनलॉक, रात्रभर प्राइम९५. चारही पास झाले तर वेगाला हात लावणार नाही. नापास झाले तर कोअर परत बंद, आणि गुणक हातानं दोन-तीन पायऱ्या वर. ऑटोचं बटण शेवटी, तेही ब्लॅक एडिशन नसेल आणि बायोसमध्ये शिरायचा कंटाळा असेल तरच. जुन्या बाजारात तयार एक्स-४ स्वस्तात मिळत असेल तर हा सगळा खटाटोप फक्त हौसेचा. हौस असेल तर जरूर करा, पण ज्या मशीनवर हिशेबाच्या वह्या किंवा लग्नाचे फोटो आहेत त्यावर नको.

एएमडीचा नवा रायझन प्रोसेसर घेऊन त्यात झाकलेले कोअर शोधायला निघाला असाल तर थांबा, तिथे बोर्डावर असं बटणच मिळत नाही. तिथे उरतं ते प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ऑटो ओव्हरक्लॉकिंगच्या बटणाचाच शहाणा नातू. इंटेलनं तर २०१० मध्ये पेंटियम जी६९५१ साठी ५० डॉलरचं कार्ड विकून बघितलं होतं. कोड टाकला की आत आधीपासूनच असलेलं हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरकडून दोन कामं एकदम करून घेण्याची सोय) आणि जादा कॅश सुरू. लोकांनी बोटं मोडली आणि ती योजना गुंडाळली गेली. माझं ते मशीन अजून तीन कोअरवरच चालतं.