आठ महिने वापरलेलं पीडीएफ सॉफ्टवेअर: काम चोख, लायसन्सने मात्र घाम काढला

मुंबईत बॅलार्ड इस्टेटला आमचं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे. २६ कॉम्प्युटर (जुलैत आणखी दोन आले), आणि ते सांभाळायला मी एकटा. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन असं सगळं स्कॅन करून, डिजिटल सही लावून ई-संचितवर, म्हणजे कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या यंत्रणेवर, चढवायचं, त्यामुळे पीडीएफशिवाय आमचं पान हलत नाही. मार्चमध्ये शेठनी या सॉफ्टवेअरची ३० लायसन्स घेऊन दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली सांगितलेल्या भानगडींपैकी निम्म्या माझ्याच हातून झाल्या आहेत.

पहिले दोन आठवडे निवांत गेले. मग एका सकाळी अकाउंटच्या काकांची हाक आली, "अरे, हे म्हणतंय ट्रायल संपली. पैसे भरले नाहीत का आपण?" त्यांच्या खुर्चीत बसलो, माझ्या ॲडमिन लॉगिनने आत गेलो. लायसन्स ठणठणीत. उठलो, काका बसले. ट्रायल संपली! असं तीनदा झालं. शेवटी काका म्हणाले, "त्याला माझं तोंड आवडत नाही."

काकांचं निदान जवळजवळ बरोबर निघालं. सेटअपमध्ये "फक्त माझ्यासाठी" हा पर्याय आधीच टिक केलेला होता आणि मी भराभर नेक्स्ट दाबत गेलो होतो. त्यामुळे लायसन्सची की (कोड) विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवायच्या जागेत, फक्त माझ्या खात्यापुरत्या एचकेसीयू भागात लिहिली गेली. काकांच्या लॉगिनला सॉफ्टवेअर त्यांना नवखा गडी समजून गुपचूप ट्रायल मोजत बसलं होतं. मग एमएसआय फाइल (कमांड देऊन चालवता येणारा सेटअप) मागवली, कमांडमध्येच लायसन्सची की देऊन सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल केलं, तेव्हा नोंद अख्ख्या मशीनसाठीच्या एचकेएलएम भागात गेली. आता कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की मी साध्या युजरच्या लॉगिनने उघडून बघतो. ॲडमिनला सगळंच चालतं, त्यावर विश्वास ठेवू नये.

तरी सहा मशीन अडून बसली. सहाही ठिकाणी मेसेज एकच, "लायसन्स वैध नाही". ब्राउझरमध्ये कंपनीची साइट मस्त उघडत होती, म्हणून नेटकडे मी बघितलंच नाही. सपोर्टला मेल टाकला, उत्तर आलं: काढून पुन्हा टाका. दोन दिवस तेच केलं. खरं दुखणं प्रॉक्सीचं होतं, म्हणजे ऑफिसचं नेट ज्या मधल्या सर्व्हरमधून जातं त्याचं. ब्राउझर युजरची प्रॉक्सी सेटिंग वापरतो. ॲक्टिव्हेशन करणारी सर्व्हिस मात्र विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम खात्याखाली चालते आणि विनएचटीटीपी या विंडोजच्या नेट जोडणाऱ्या भागाची वेगळी सेटिंग बघते. तिथे काहीच भरलेलं नव्हतं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून नेटश ही नेटवर्क सेटिंगची कमांड वापरून तीच प्रॉक्सी तिथे भरली आणि पाच मशीन दहा मिनिटांत सुरू झाली. "सर्व्हरशी संपर्क होत नाही" एवढं जरी लिहिलं असतं, तरी माझे दोन दिवस वाचले असते. या एका गोष्टीसाठी मी एक स्टार कापतोय.

सहावं मशीन दर सकाळी नव्याने रुसायचं. आमचा शिपाई रात्री मेन स्विच बंद करून जातो. या जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल मेलेला, त्यामुळे सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे. तारीखच चुकल्यावर सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याची मुदत असलेली ओळख) कसं जुळणार? लॅमिंग्टन रोडवरून सेल आणून बसवला, विषय संपला.

जुलैत शेवटची गंमत. दोन नवे पीसी आले आणि कंपनीचं लायसन्स मोजणारं पोर्टल म्हणतंय, ३० पैकी ३० वापरात. मशीन तर २६च! झालं होतं असं, की मधल्या काळात काही पीसीला नवी डिस्क (एसएसडी) टाकून विंडोज नव्याने भरली, पण आधी डीॲक्टिव्हेट केलंच नाही. पोर्टलला ती नवी मशीन वाटली, जुन्यांच्या सीट, म्हणजे लायसन्सच्या जागा, तशाच अडकल्या. त्यात यादीतली नावं सगळी डेस्कटॉप आणि पुढे सात अगम्य अक्षरं. कोणतं जिवंत आणि कोणतं मेलेलं हे शोधायला अख्खा शनिवार गेला. आता आधी पीसीला "अकाउंट-०३" असं नाव, मगच ॲक्टिव्हेशन.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही. फाइली जोडणं, पानं फिरवणं, साइज कमी करणं झटपट होतं, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून सही पहिल्या फटक्यात उमटते. मराठी ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणं, बेताचं आहे, जोडाक्षरांत गडबडतं. जुन्या श्रीलिपीतल्या पीडीएफमधून कॉपी केलं की कचरा येतो, पण तो फॉन्टच युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या सामाईक अक्षर-कोडचा, नाही, त्याचा दोष यांना देत नाही.

मार्चमध्ये रिन्यूअल आहे. शेठना सांगितलंय, घ्या, पण ३०च घ्या. दोन सीट मला हाताशी मोकळ्या लागतात.