कृत्रिम लाळेचा स्प्रे: भजनापुरता उपयोगी

पाचपैकी तीन तारे.

मी गोव्यातल्या फोंड्याचा, वय 66. आमच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडे असते, मधूनमधून गातोही. गेल्या श्रावणात ‘विठ्ठल’ म्हणताना जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना. मी नुसती पेटी वाजवत राहिलो. मंडळींना वाटलं, कंठ दाटून आला. घरी पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, चहात बुडवल्याशिवाय घास उतरत नव्हता. सुक्या मासळीचं कोरडं किसमूर तर बंदच. रात्री पाण्यासाठी तीनदा उठायचं आणि पाणी प्यायलं की पुन्हा मोरीकडे धाव.

फार्मसीत हा स्प्रे मिळाला. जिभेखाली आणि गालांच्या आत दोन-दोन फवारे मारायचे. पेज निवून वरचं पाणी जरा दाटतं ना, तसं लागतं. लगेच बरं वाटतं हे खरं. पण घड्याळ लावून पाहिलं तर पंचवीस मिनिटांत तोंड पुन्हा कोरडं. दीड तासाच्या भजनाला तीनदा मारावा लागतो. चिकट असल्यामुळे तोटी तुंबते, गरम पाण्यात धरावी लागते. वर लिंबाचा स्वाद! आंबटपणा किती, ते बाटलीवर कुठेच नाही. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), 5.5 च्या खाली गेला की दातांचं इनॅमल विरघळायला लागतं, आणि ते सावरणारी लाळच आमच्याकडे कमी. कवळीवाल्यांना ही काळजी नाही, माझे अजून चोवीस दात स्वतःचे आहेत. एक तारा इथे कापला.

दुसरा कापला तो बाटलीसोबतच्या कागदामुळे. तोंड का सुकतं, याबद्दल त्यावर अवाक्षर नाही. दंतवैद्यांनी मला पाच मिनिटं न गिळता लाळ कपात सोडायला लावली. अर्धा मिलीसुद्धा भरली नाही. मग गोळ्यांची पिशवी उलटी करायला सांगितली. लघवी आवरण्याची एक आणि सर्दीची रात्रीची एक, दोन्ही लाळ आटवणाऱ्या! अशी औषधं शेकड्यांनी आहेत म्हणे. प्रौढांत साधारण पाचातल्या एकाला तोंड कोरडं पडल्याचं जाणवतं, म्हातारपणी जास्त, बायकांत जास्त. मी मंडळात विचारलं, तर अकरा जणांत मला धरून तिघे निघाले. त्यातल्या एकाला मधुमेह. एकानेही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, वयच झालं म्हणून गप्प.

गोळ्या मी मनाने बंद केल्या नाहीत. फिजिशियननी लघवीची बदलून दिली, सर्दीची काढली. महिन्याभरात पोई कोरडी खाता यायला लागली.

स्प्रे फेकला नाही, पेटीच्या खोक्यात असतो. तबलजी अधूनमधून मागतो. तोटी तोंडाला लागते म्हणून देत नाही, आणि त्याचा राग तो द्रुत लयीत काढतो.